आठवणींचा वाडा आणि देवाचा शब्द



प्रायश्चित्तकाळातील एका शुक्रवारची ही गोष्ट. संध्याकाळी आपल्या चर्चमध्ये क्रुसाची वाट सुरू झाली आणि तिसऱ्या स्थानापाशी वीज गेली. सर्वांच्या हातात पुस्तिका होत्या, पण अक्षर दिसेना. दोन-चार मोबाईलचे दिवे लागले. तेव्हा फादर म्हणाले, "राहू द्या. ज्याला जे येते ते म्हणू." मग वेदीवरची एक मेणबत्ती पुढे आणि तिच्यामागे आपण सर्व, असे एकेका स्थानापुढे थांबत चाललो. सुरुवातीला आवाज क्षीण होते. पाचव्या-सहाव्या स्थानापर्यंत मात्र प्रार्थना न अडखळता चालू लागली. ज्यांना आपण म्हातारी माणसे म्हणून बाकावर बसवून ठेवतो, त्यांचाच आवाज सर्वांत ठाम होता.

बाहेर आल्यावर एका नातीने आपल्या आजीला विचारले, "आजी, तू तर म्हणतेस तुला काहीच आठवत नाही. मग हे सगळे कसे आठवले?" आजी म्हणाल्या, "मले कुठी आठोते बापा! त्या फोटूनंच माह्याकडून म्हनून घेतलं."

आजींचे हे वाक्य आम्ही अनेक दिवस मनात घोळवीत आहोत. स्मरणशक्तीविषयी थोरामोठ्यांनी जे ग्रंथ लिहिले, त्यांचे सार त्यात आले आहे, असे आम्हांस वाटते. प्रार्थना आजींच्या डोक्यात एकटी राहत नव्हती. ती भिंतीवरच्या चौदा चित्रांपाशी राहत होती. आजी त्या जागी गेल्या, आणि तिथे ठेवलेले त्यांना परत मिळाले.

या युक्तीला फार जुना इतिहास आहे. रोमन वक्ता सिसेरो याने इ.स.पूर्व ५५ मध्ये लिहिलेल्या वक्तृत्वावरील ग्रंथात सिमोनिडीज या ग्रीक कवीची कथा सांगितली आहे. एका मेजवानीतून सिमोनिडीजला बाहेर बोलावणे आले. तो बाहेर पडताच घराचे छत कोसळले आणि आतली माणसे ओळखू येणार नाहीत इतकी चिरडली गेली. पण कोण कोणत्या जागी बसले होते हे सिमोनिडीजला आठवत होते. त्यावरून त्याने प्रत्येक प्रेत त्याच्या नातलगांच्या स्वाधीन केले. या दुःखद प्रसंगातून त्याला कळले की, माणसाला नुसती यादी ध्यानात राहत नाही, पण जागा ध्यानात राहते. म्हणून जे लक्षात ठेवायचे ते ओळखीच्या जागी नेऊन ठेवावे. मनातल्या मनात एक घर किंवा वाडा घ्यावा. त्याच्या दारात, ओसरीवर, माजघरात क्रमाने एकेक वस्तू ठेवावी. आठवायची वेळ आली की त्या घरातून फेरी मारावी. यालाच 'आठवणींचा वाडा' म्हणतात.

वाडा म्हटले की आपल्या बुलढाणा जिल्ह्यातील माणसाला सिंदखेडराजाचा लखुजी जाधवांचा राजवाडा आठवतो. १२ जानेवारी १५९८ रोजी जिजाऊंचा जन्म तिथे झाला. दर वर्षी त्या दिवशी तिथे लोटणारी गर्दी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. वाड्यात काय घडले ते बहुतेकांनी पुस्तकात वाचलेले नसते. पण ते मोठे प्रवेशद्वार पाहिले की आईने सांगितलेल्या गोष्टी आपोआप जाग्या होतात.

जिजाऊंच्या जन्माच्या दोनच वर्षे आधी, म्हणजे १५९६ मध्ये, दूर चीनमधील नानचांग शहरात एक येशूसंघीय धर्मगुरू याच विषयावर चिनी भाषेत छोटे पुस्तक लिहीत होते. त्यांचे नाव फादर मत्तेओ रिची. ते इटलीचे. १५७८ मध्ये गोव्यात आले, १५८० मध्ये कोचीनला त्यांना गुरुदीक्षा मिळाली आणि १५८२ मध्ये ते पुढे मकाव येथे गेले. चिनी अक्षरांची यादी एकदा वाचून ती सरळ आणि उलट म्हणून दाखवीत ते तिथल्या विद्वानांना चकित करीत. त्या प्रांताच्या सुभेदाराचे मुलगे सरकारी परीक्षेची तयारी करीत होते. त्यांच्यासाठी रिचींनी हे पुस्तक लिहिले. आपली युक्ती आवडली तर लोक आपल्या धर्माविषयीही विचारतील, अशी त्यांची आशा होती. पुस्तक वाचून सुभेदाराच्या थोरल्या मुलाने अभिप्राय दिला की नियम तर खरे आहेत, पण ते वापरायला मुळातच उत्तम स्मरणशक्ती हवी! रिचींनी हा अभिप्राय स्वतःच प्रांजळपणे नोंदवून ठेवला. पोप फ्रान्सिस यांच्या कारकिर्दीत २०२२ मध्ये रिचींना 'वंदनीय' घोषित करण्यात आले.

त्याच काळात आपल्या किनाऱ्यावर दुसरे एक येशूसंघीय दुसऱ्या वाटेने तेच काम करीत होते. इंग्लंडचे फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले आणि १६१९ मध्ये मरेपर्यंत इथेच राहिले. साष्टीतील नव्या ख्रिस्ती लोकांना पुराणे ऐकण्याची व गाण्याची सवय होती. त्यांच्या हाती केवळ प्रश्नोत्तरांची धर्मशिक्षणाची पुस्तिका देऊन भागणार नाही, हे स्टीफन्स यांनी ओळखले. म्हणून त्यांनी जुन्या व नव्या कराराची कथा सुमारे अकरा हजार मराठी ओव्यांत रचली. हेच ते 'ख्रिस्तपुराण'. १६१६ मध्ये ते रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ आणि १६५४ मध्येही त्याच्या आवृत्त्या निघाल्या. त्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या, पण हस्तलिखिते आणि लोकांचे कंठ यांनी ग्रंथ राखला. टिपू सुलतानाच्या काळात, १७८४ ते १७९९ या वर्षांत, श्रीरंगपट्टणच्या बंदिवासात मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना या पुराणाने धीर दिला, असे सांगितले जाते. बंदिवानाच्या हातातून पुस्तक काढून घेता येते, पण ओठावरची ओवी कशी काढून घेणार?

रिचींनी वाडा बांधला, स्टीफन्स यांनी ओवी बांधली. ओवीचे यमक म्हणजे एक प्रकारची खुंटीच. एक चरण म्हटला की दुसरा हाताला लागतो. आपल्या आज्या-पणज्यांना अक्षर ठाऊक नव्हते, पण जात्यावर बसल्या की ओवीमागून ओवी येत असे. जात्याचा खुंटा हा त्यांचा वाडा होता. आपले शेगावचे शेजारी गजानन विजय ग्रंथाच्या एकवीस अध्यायांचे पारायण करतात, वारकरी पायी चालता चालता हरिपाठ म्हणतात. चालणे, गाणे आणि स्मरण यांचे नाते आपल्या मातीला नवे नाही.

आज विज्ञानही याला दुजोरा देते. मेंदूमध्ये जागा ओळखणाऱ्या विशेष पेशी असतात. त्यांच्या शोधासाठी २०१४ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक देण्यात आले. स्मरणासाठी महत्त्वाचा असलेला मेंदूचा भागच या कामात गुंतलेला असतो. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात साधारण स्मरणशक्तीच्या माणसांना चाळीस दिवस, रोज अर्धा तास, ही जागांची युक्ती शिकविण्यात आली. आधी त्यांना ७२ शब्दांच्या यादीतील सरासरी २६ शब्द आठवत होते. नंतर ६२ आठवू लागले. म्हणजे सुभेदाराच्या मुलाची शंका अगदीच खरी नव्हती. सामान्य माणसालाही ही युक्ती साधते, फक्त रोजचा सराव हवा.

इथपर्यंत सर्व ठीक. पण खरा प्रश्न यापुढचा आहे. परीक्षेतील सनावळी पाठ करण्याची युक्ती देवाच्या शब्दाला लावावी काय? बायबल पाठ असणे आणि बायबलप्रमाणे असणे यांत अंतर किती? आणि आज प्रत्येकाच्या खिशातील मोबाईलमध्ये सबंध बायबल असताना ते डोक्यात साठवण्याचा खटाटोप कशासाठी?

या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आम्हांला एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी मुलांच्या बायबल पाठांतर स्पर्धेत आम्ही परीक्षक होतो. विषय होता लूककृत शुभवर्तमानातील दयाळू शोमरोनी, म्हणजे दहाव्या अध्यायाच्या २५ ते ३७ या तेरा ओळी. एका मुलीने एकही शब्द न चुकता त्या म्हटल्या. तिच्यामागून आलेला मुलगा दुसऱ्याच वाक्याला अडला. मग तो आपल्याच भाषेत सांगू लागला. त्याच्या गोष्टीत यरुशलेमहून यरीहोला जाणारा रस्ता नव्हता. मलकापूरहून बुलढाण्याला येणारा घाट होता. वळणावर मोटारसायकलवाल्याला लुटून टाकले होते आणि दोन मोठी माणसे गाडी न थांबवता निघून गेली होती. मुले हसली. आम्ही त्याला मध्येच थांबवून म्हणालो, "पाठ नसेल तर खाली बस." तो खाली बसला. नंतरचे तीन रविवार तो धर्मशिक्षणाला आला नाही.

बक्षीस देताना सिस्टरांनी त्या मुलीला सहज विचारले, "मग आपला शेजारी कोण?" ती बिचारी गोंधळली आणि तिने हातातल्या कागदाकडे पाहिले. दोष तिचा नव्हता. आम्ही तिला तेरा ओळी मागितल्या होत्या, त्या तिने दिल्या होत्या.

त्या रात्री आम्हांला वाटले की पाठांतर ही पोपटपंची आहे, ती बंदच करावी. पण विचार करता करता दुसरी बाजूही दिसू लागली. त्या मुलाने गोष्ट आपल्या घाटात आणून ठेवली, म्हणजे नकळत आठवणींचा वाडाच बांधला. पण त्याच्या गोष्टीतून एक भाग गळला होता. जखमी माणसाला वाचवून गोष्ट संपली. धर्मशाळेच्या मालकाला दिलेली दोन नाणी नव्हती. आणि शेवटी प्रभू त्या शास्त्र्याला जी आज्ञा देतात, तूही जाऊन तसेच कर ही, ती तर मुळीच नव्हती. आपल्या शब्दांत सांगताना आपण सर्वच असे करतो. गोड ते ठेवतो, बोचते ते सोडतो. पैशाचा उल्लेख गळतो, आज्ञा गळते. शब्दशः पाठांतराचे मोल इथे आहे. ते काटा उपटू देत नाही. शब्द आपला नाही, तो आपल्याला दिलेला आहे, हे अचूक पाठांतर आपल्याला शिकवते.

म्हणजे मुलीजवळ अचूक शब्द होता, पण त्याला राहायला घर नव्हते. मुलाजवळ घर होते, पण शब्द अर्धाच आत आला होता. दोघांनाही बक्षीस द्यायला हवे होते, आणि दोघांनाही पुढे शिकवायला हवे होते. आम्ही दोन्ही केले नाही.

पवित्र शास्त्र याविषयी काय सांगते? अनुवादाच्या सहाव्या अध्यायात मोशे लोकांना आज्ञा देतो की देवाची वचने अंतःकरणात ठेवा. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना व उठताना मुलांशी त्यांविषयी बोला, ती हाताला बांधा आणि घराच्या दारांच्या चौकटींवर लिहा, असेही सांगतो. यहोशवाच्या चौथ्या अध्यायात यार्देन नदी ओलांडल्यावर बारा दगड रचून ठेवण्यात येतात. ते कशासाठी? पुढे मुलांनी विचारावे, हे दगड कसले, आणि मग बापाने गोष्ट सांगावी. चौकट, रस्ता, खाट, दगड! सिमोनिडीजचे नावही ज्यांनी ऐकले नव्हते, त्या लोकांना देवाने जागांची हीच रीत दिली होती.

पवित्र सभेनेही तीच रीत चालवली. स्तोत्रे दीडशे. ज्यांना वाचता येत नसे त्यांच्यासाठी दीडशे 'नमो मारिया'ची जपमाळ रूढ झाली. बोट मण्यावर, मन रहस्यावर. २००२ मध्ये पोप दुसरे जॉन पॉल यांनी प्रकाशाची पाच रहस्ये त्यात जोडली. क्रुसाच्या वाटेची स्थाने चौदा असावीत हे पोप बारावे क्लेमेंट यांनी १७३१ मध्ये निश्चित केले. ज्या गरिबाला यरुशलेमला जाणे शक्य नव्हते, त्याच्यासाठी यरुशलेमचा रस्ता गावातल्या चर्चच्या भिंतीवर आला. आपल्या आजी ज्या वाड्यात अंधारातही वाट चुकल्या नाहीत, तो हाच.

थोर गुरू संत थॉमस अक्वायनस यांनी तर स्मरणाला शहाणपणाच्या सद्गुणाचा एक भाग मानले आहे. त्यांनी चार सूचना दिल्या आहेत. जे स्मरायचे त्याला थोडी वेगळी, ठसठशीत प्रतिमा जोडावी. त्याला क्रम द्यावा. त्याविषयी मनात आस्था ठेवावी. आणि त्याचे वारंवार मनन करावे. यातील तिसरी सूचना आम्हांला सर्वांत महत्त्वाची वाटते. आस्था नसेल तर युक्ती दोन दिवस टिकते. आईला कोणी मुलाचा वाढदिवस पाठ करायला सांगत नाही.

तरीही सावध राहावे लागते. मत्तयाच्या चौथ्या अध्यायात अरण्यात सैतानही प्रभूला स्तोत्रातील ओळ ऐकवतो. त्याचे पाठांतर पक्के होते! शास्त्र्यांना आणि परूश्यांनाही नियमशास्त्र मुखोद्गत होते. पाठ असलेला शब्द दुसऱ्यावर दगडासारखा फेकता येतो. भावाभावांच्या भांडणात, सासू-सुनेच्या वादात बायबलमधील वचने कशी वापरली जातात ते आपण ऐकले आहे. म्हणून पाठांतर हे भक्तीचे माप नव्हे. ज्याला अधिक आठवते तो देवाला अधिक जवळचा, असे मानले तर आमच्या त्या स्पर्धेतील चूक पुन्हा पुन्हा होईल.

मग माप कोणते? आम्हांला पेत्राची आठवण येते. प्रभूने त्याला आधीच सांगून ठेवले होते की कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील. पेत्राने ते शब्द ऐकले होते, ते त्याच्या मनात होते, पण शेकोटीपाशी उभे असताना ते जागे झाले नाहीत. कोंबडा आरवला, प्रभूने वळून पाहिले, तेव्हा त्याला शब्द आठवला आणि तो बाहेर जाऊन रडला. आठवण खरी तेव्हा झाली, जेव्हा तिने त्याला बदलले. आपल्या खेड्यांत कोंबडा रोज आरवतो. पेत्रासारखे आपल्याला काही आठवते काय?

मोबाईलविषयीच्या प्रश्नाचे उत्तरही इथेच आहे. मोबाईलमध्ये असलेला शब्द आपण शोधायला गेलो तर सापडतो. मनात असलेला शब्द आपल्याला शोधत येतो. रागाच्या भरात कोणी मोबाईल उघडून क्षमेचे वचन शोधत बसत नाही. क्रुसावर प्रभूच्या हाती पोथी नव्हती, हातांना खिळे होते. तरी त्यांच्या मुखी स्तोत्र आले. लहानपणी नासरेथच्या घरात मरिया आणि योसेफ यांच्याकडून ऐकलेले ते शब्द असतील. दवाखान्यातील खाटेवर, सलाईन लावलेल्या हातांनी, आपल्यापैकी प्रत्येकाला कधी तरी तशीच वेळ येणार आहे. त्या वेळी आपल्या ओठावर काय येईल, हे आज आपण मनात काय ठेवतो त्यावर ठरते.

म्हणून आम्ही आपल्यापुढे एक साधा प्रयोग ठेवीत आहोत. मत्तयाच्या पाचव्या अध्यायातील आठ धन्यवचने घ्या आणि आपल्याच घरातून एक फेरी मारा. वाडा नको, राजवाडा नको. दोन खोल्यांचे पत्र्याचे घर पुरे.

पहिली जागा अंगण. तिथे एक रिकामी टोपली पालथी घाला: आत्म्याने दीन असलेले. दुसरी ओसरी, जिथे दुखवट्याला माणसे येऊन बसतात: शोक करणारे. तिसरी जागा ती लोखंडी पेटी, जिच्यात शेताचा सातबारा ठेवला आहे: सौम्य लोक, कारण भूमीचा वारसा त्यांना सांगितला आहे. चौथी, चूल आणि माठ: न्यायाचे भुकेले आणि तान्हेले. पाचवी, खिळ्याला अडकवलेली उधारीची वही: दयाळू. सहावी, हात-तोंड धुण्याच्या जागेवरचा आरसा: शुद्ध अंतःकरणाचे. सातवी, आपल्या आणि भावाच्या घरामधली सामाईक भिंत: शांती करणारे. आठवी, मागचे दार, त्याच्यावर एक क्रूस: नीतीसाठी छळ सोसणारे.

पुस्तक उघडून प्रत्येक जागी उभे राहा आणि तिथले वचन शब्दशः म्हणा. आठवडाभर रोज सकाळी ही फेरी मारा. लहान मुलांना बरोबर घ्या, त्यांच्या पायांना आपल्यापेक्षा अधिक आठवते. आठव्या दिवशी डोळे मिटून आठही वचने येतील.

पण आम्ही आपल्याला आधीच सावध करतो. आम्ही स्वतः हा प्रयोग केला आणि एक गोष्ट घडली जी आम्हांला अपेक्षित नव्हती. घराच्या मदतीने वचने लक्षात ठेवायची, असे आम्ही ठरवले होते. आठवड्याभरात वचनेच घराची आठवण करून देऊ लागली. पेटी उघडताना सौम्यतेचे वचन येई, आणि बांधावरून चाललेल्या भांडणात आपण काय काय बोललो तेही येई. उधारीची वही काढली की दया समोर उभी राही. त्यातील एक नाव दोन वर्षे पाऊस नीट न झालेल्या माणसाचे होते. आणि सामाईक भिंतीपाशी तर आम्ही रोज सातवे वचन घाईघाईने म्हणून पुढे सटकू लागलो. पलीकडे राहणाऱ्या सख्ख्या भावाशी बोलून कैक महिने झाले होते. आठ वचने बिनचूक पाठ झाली होती, पण एका जागी पाय थांबत नव्हते.

तेव्हा आम्हांला उमगले की मोशेने चौकटीवर लिहायला का सांगितले. देवाचा शब्द डोक्यात असला तर आपण त्याला हवे तेव्हा बोलावतो. तो भिंतीवर, पेटीवर, चुलीवर असला तर तो आपल्याला हवा नसतानाही भेटतो. आठवणींचा वाडा बांधणे ही युक्ती खरी, पण त्या वाड्यात प्रभूला राहायला बोलावले की मालकी बदलते. संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाब' या ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीची अफाट दालने धुंडाळली आहेत, आणि शेवटी त्यांनी देवालाच विचारले आहे की यांपैकी कोणत्या जागी तुझा निवास आहे. तो प्रश्न आपणही विचारावा. माझ्या घरात अशी कोणती जागा आहे, जिथे मी त्याला अजून येऊ दिलेले नाही?

भिंतीपलीकडे आम्ही एका संध्याकाळी गेलो. चहा झाला, पिकापाण्याच्या गोष्टी झाल्या. बांधाचा विषय कोणी काढला नाही, तो अजून तसाच आहे. पण आता भिंतीपाशी सातवे वचन म्हणताना पाय तिथे थांबतात.

शेवटी एक शब्द त्यांच्यासाठी, ज्यांची स्मरणशक्ती आता साथ देत नाही, आणि त्यांची सेवा करणाऱ्या लेकी-सुनांसाठी. आपल्या धर्मग्रामात अशी माणसे आहेत जी मुलांची नावे विसरतात, जेवलो की नाही हे विसरतात. त्यांची श्रद्धाही विसरली गेली काय? तसे आम्ही मानत नाही. त्यांना घरी प्रार्थना विचारू नका, त्यांना प्रार्थनेच्या जागी घेऊन या. हातात जपमाळ द्या. चित्रासमोर उभे करा. पुष्कळदा ओठ हलू लागतात. आणि नाही हलले तरी यशया संदेष्ट्याचा एकोणपन्नासावा अध्याय आठवावा. तिथे देव आपल्या लोकांना सांगतो की मी तुम्हांला आपल्या तळहातांवर कोरून ठेवले आहे. आपल्या वाड्याची भिंत पडू शकते. त्या तळहातांवरची खूण पुसली जात नाही.

प्रभूच्या शेजारी क्रुसावर असलेल्या त्या पश्चात्तापी चोराला एक तरी स्तोत्र पाठ होते की नाही, हे शास्त्र सांगत नाही. त्याने काहीही म्हणून दाखवले नाही. त्याने प्रभूकडे एवढेच मागितले की आपली आठवण ठेवावी. आणि त्याच दिवशी त्याला घर मिळाले.

तो मुलगा आता मोठा झाला आहे आणि कधीमधी आपल्या मिस्सेत वाचनही करतो. त्या दिवशीची क्षमा आम्ही त्याच्याकडे मागितली आहे. तो हसून म्हणाला, "मला त्या घाटातून जाताना अजून ती गोष्ट आठवते." आम्ही विचारले, "शेवटची ओळ?" त्याने ती शब्दशः म्हटली.

येत्या आठवड्यात आपल्या अंगणापासून फेरी सुरू करू या. ज्या जागी पाय थांबत नाहीत, तिथे प्रभूने आपल्याला थोडे अधिक थांबवावे, हीच प्रार्थना.